पिकअपचा बटन क्लच घसरतोय: परत तोच टाकायचा की कंपनीचा?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही केज तालुक्यातले. अडीच लिटर डिझेल इंजिनची, १.७ टनी पिकअप जुनी घेतली. आधीच्या मालकाने इंजिनचं रिमॅप करून, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, ताकद वाढवली होती आणि त्यासोबत बटन प्लेटचा (सलग लायनिंगऐवजी धातूच्या बटनासारखे तुकडे असलेला) जड क्लच टाकला होता. गाडी तुमच्याकडे आली तेव्हापासून पेडल कडक लागतं आणि पहिल्या गिअरला गाडी हिसके देत निघते. आता तर भरलेल्या गाडीला पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं आणि गाडी आहे तिथेच. बीडहून खत-सिमेंट भरून मांजरसुंब्याचा घाट चढताना जळका वास येतो. मिस्त्री म्हणतो याहून जबर परफॉर्मन्स किट टाका, घरचे म्हणतात कंपनीचा क्लच टाका. आणि गिअरबॉक्स एकदाच उतरवायचा आहे, दोनदा मजुरी परवडत नाही.

तुमच्या कामाला मी बटन प्लेट टाकणार नाही. साधी ऑरगॅनिक लायनिंगची (राळेने बांधलेल्या तंतूंच्या घासणाऱ्या थराची) प्लेट आणि तिला दाबून धरणारी, तिच्या जोडीची प्रेशर प्लेट टाकेन, आणि रिमॅप काढून इंजिन मूळ सेटिंगवर आणेन. पण हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: रिमॅप तुम्हाला खरंच ठेवायचा आहे का, गाडीत प्रत्यक्षात किती टन पडतात, आणि गिअरबॉक्स उतरल्यावर फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) कसं निघतं. शिवाय क्लच का घसरला हे शोधल्याशिवाय कुठलंही किट घेऊ नका. कारण तसंच राहिलं तर महागातलं किटही त्याच वाटेने जाईल.

म्हणून सुरुवात गाडी खोलायच्या आधीपासून. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी चाळीसच्या वेगात चौथ्या-पाचव्या गिअरला घ्या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपकन वर गेला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय हे नक्की. वेग आणि आरपीएम सोबत हळूहळू वाढले तर क्लच धरतोय. मग गाडी ओढत नसण्याचं कारण टर्बोचा होज, डिझेल फिल्टर असं दुसरीकडे शोधायचं. माझ्याकडे क्लच टाकायचाच असं ठरवून आलेल्या गाड्यांपैकी काहींचा क्लच ठणठणीत असतो.

घसरतोय हे नक्की झालं की पेडलचा फ्री प्ले बघा. पेडल हाताने दाबलं तर वरचा थोडा भाग सैल जायला हवा. तो नसेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, कायम प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकून राहतं. म्हणजे कोणी पेडलवर सतत पाय ठेवून बसल्यासारखंच. नवा क्लच टाकून थोड्याच दिवसांत घसरायला लागलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. मास्टर सिलिंडरचा (पेडलजवळचा, तेलाचा दाब तयार करणारा सिलिंडर) पुशरॉड कोणीतरी पेडल वर यावं म्हणून इतका पुढे काढला होता की पिस्टन पूर्ण मागे येतच नव्हता. त्यामुळे तेल परत टाकीत जायचं छिद्र बंद राहायचं, गरम झालेलं तेल फुगून लाइनमध्ये दाब धरायचं आणि क्लच अर्धवट सुटलेला राहायचा. ही चाचणी सोपी आहे. क्लच घसरत असतानाच गाडी बाजूला घ्या, गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीडिंग निप्पल (हवा काढायचा स्क्रू) क्षणभर ढिला करा. तेलाची पिचकारी उडाली आणि निप्पल कसल्यावर क्लच पुन्हा धरायला लागला, तर दोष वरच्या मास्टर सिलिंडरमध्ये आहे. त्या गाडीची प्लेट तोवर काचेसारखी गुळगुळीत झाली होती म्हणून बदलावी लागली, पण सिलिंडर तसाच ठेवला असता तर नवी प्लेटही गेली असती.

तिसरं कारण तेल. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या झाकणाच्या, खाली ओल दिसते का बघा. इंजिनचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळत असेल तर ते तेल फिरत्या प्लेटवर उडतं. बोटाला लावून वास घ्या: इंजिन ऑइल काळं असतं, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. कुठलं सील मागवायचं हे त्यावरून आधीच ठरतं.

आता "जबर क्लच" म्हणजे काय, ते एकदा हिशोबाने बघू. क्लच किती टॉर्क धरू शकतो हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेट किती जोराने दाबते, लायनिंगची घर्षणाची पकड किती, प्लेटची सरासरी त्रिज्या किती, आणि घासणाऱ्या बाजू किती. बाजू दोन असतात, एक फ्लायव्हीलकडची आणि एक प्रेशर प्लेटकडची. या चौघांचा गुणाकार करायचा. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. दाब ५,५०० न्यूटन, पकड ०.३, सरासरी त्रिज्या १० सेंटीमीटर. गुणाकार केला की ३३० न्यूटन मीटर येतात. इंजिन २०० न्यूटन मीटरचं असेल तर क्लच त्याच्या दीडपटीहून जास्त धरतो. रिमॅपने इंजिन २६० वर नेलं तरी क्लच वरच आहे, फक्त राखीव कमी झाली. आणि याच प्लेटवर तेल पडून पकड ०.३ वरून ०.१५ वर आली तर क्षमता १६५ होते. मग मूळ, बिनरिमॅपचं इंजिनसुद्धा तो धरू शकत नाही. म्हणून मी लोकांना सांगतो की नुसत्या रिमॅपने चांगला क्लच लगेच घसरत नाही. आधी त्याची पकड गेलेली असते, तेलाने किंवा तापून. जबर किट घेणारा माणूस दाब आणि पकड वाढवतो, पण ती पकड कशाने गेली हे बघत नाही.

तापणं हा तुमच्या कामातला खरा मुद्दा आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो. क्लच पूर्ण लागलेला असताना तापत नाही. तो तापतो सुटताना-लागताना, म्हणजे इंजिन फिरतंय आणि गाडी अजून त्या वेगाला आलेली नाही, तेवढ्या वेळात. सपाटीवर गाडी उचलताना क्लचमध्ये जी उष्णता तयार होते ती साधारणपणे क्लच पूर्ण लागेपर्यंत गाडीने कमावलेल्या गतिज ऊर्जेइतकी असते. भरलेली गाडी साडेतीन टन धरा. पहिल्या गिअरला क्लच ताशी दहा किलोमीटरच्या आसपास पूर्ण लागतो. उष्णता झाली सुमारे साडेतेरा किलोज्यूल. तीच गाडी दुसऱ्या गिअरवर उचलली तर क्लच ताशी अठराला जाऊन लागतो आणि उष्णता होते सुमारे चव्वेचाळीस. तिपटीच्या वर. "डिझेल गाडी दुसऱ्यावर आरामात उचलते" असं अभिमानाने सांगणारे ड्रायव्हर आपल्याकडे पुष्कळ आहेत. उचलते हे खरं, पण प्रत्येक वेळी तीन वेळची झीज एकदम होते. मोठे टायर टाकले असतील तर तोच प्रकार: टायरचा व्यास दहा टक्के वाढला की उचलतानाची उष्णता वीस-एकवीस टक्क्यांनी वाढते. आधीच्या मालकाने टायर बदललेत का, हे आरसीवरच्या किंवा दरवाजाजवळच्या स्टिकरवरच्या मापाशी ताडून बघा.

याहून वाईट म्हणजे आपली काळी माती. सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस पडतो, वाफसा झालेला नसतो आणि तरी पिकअप पाणंदीने थेट रानात नेली जाते. कट्टे भरले की मागची चाकं चिखलात बसतात. ड्रायव्हर हाफ क्लचवर पुढे-मागे करत राहतो. चाक जागेवर अडकलंय, इंजिन १,५०० आरपीएमवर आहे आणि क्लच समजा १५० न्यूटन मीटर ओढतोय. त्या क्षणी क्लचमध्ये सुमारे साडेतेवीस किलोवॅट उष्णता तयार होत असते. शेतातल्या पाच एचपीच्या सहा मोटारींची सगळी ताकद दोन थाळ्यांएवढ्या जागेत कोंडल्यासारखं आहे ते. अर्ध्या मिनिटात लायनिंगला बांधून ठेवणारी राळ जळायला लागते आणि तोच तो वास. तिथे कुठलाच क्लच टिकत नाही, बटनचाही नाही. गाडी डांबरावर उभी करा आणि माल ट्रॅक्टरने बाहेर काढा. अडकलीच तर क्लचने काढायचा प्रयत्न न करता ट्रॅक्टरने ओढून घ्या. ट्रॅक्टरवाल्याला द्यायचे पैसे क्लचच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

मोंढ्यातही हेच लहान प्रमाणात होतं. भरलेली गाडी रिव्हर्समध्ये ओट्याला लावताना इंच-इंच हाफ क्लचवर खेळवतात. रिव्हर्सचा गिअर खालचा असतो म्हणून एकदा-दोनदा चालतं, पण गर्दीत दहा-पंधरा मिनिटं चाललं की प्लेट तापते. थोडं सरका, ब्रेक लावा, न्यूट्रल करा, पुन्हा सरका. घाटात ट्रॅफिक थांबलं तर गाडी क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक ओढा. आणि हँडब्रेक गाडी धरत नसेल तर क्लचच्या आधी तो दुरुस्त करा.

आता बटन प्लेटबद्दल. ती वाईट वस्तू नाही. ट्रॅक्टरमध्ये तिचा पुष्कळ वापर होतो आणि तिथे ती शोभते, कारण तापल्यावरही तिची पकड टिकते. पण तिचा स्वभाव एकदम धरण्याचा आहे. ऑरगॅनिक लायनिंग हळूहळू धरत जातं, लायनिंगखाली लाटेच्या आकाराचा पातळ पत्रा असतो तोही दबत जातो, म्हणून गाडी गुळगुळीत निघते. बटन प्लेटमध्ये तो मऊपणा जवळपास नसतो. तुम्हाला जो हिसका बसतो तो तिथूनच. तो हिसका तुमच्या पायापाशी संपत नाही. तो गिअरबॉक्सच्या दातांना, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला), मागच्या एक्सलमधल्या क्राउन-पिनियनच्या गिअरला बसतो. घसरून का होईना, साधा क्लच जास्तीचा भार आला की मधे सुटतो आणि पुढचे भाग वाचवतो. तो सुटणं बंद केलं की पुढचा सगळ्यात कच्चा भाग तुटतो, आणि तो क्लचपेक्षा महाग असतो. क्रॉस हाताने हलवून बघा, आणि गाडी पुढे-मागे करताना मागच्या हाउसिंगमधून "टक" असा आवाज येतो का ऐका.

कडक पेडलचंही ऐका. जड प्रेशर प्लेट सोडवायला जास्त जोर लागतो आणि तो जोर क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो. तो धक्का सोसायला क्रँकला थ्रस्ट वॉशर असतात. एकाला पेडल दाबायला सांगा आणि इंजिन बंद ठेवून तुम्ही समोरून क्रँक पुलीकडे बघा. पुली डोळ्याला दिसेल एवढी पुढे-मागे सरकत असेल तर डायल गेज लावून मोजा. दोन-तीन दशांश मिलिमीटरच्या पुढे गेलं तर आधी कंपनीची मर्यादा बघा आणि वॉशरचा विचार करा. हे न बघता पुन्हा जड प्रेशर प्लेट टाकली तर उद्या काम क्लचचं राहणार नाही, इंजिन खोलावं लागेल.

मग रिमॅप ठेवायचा असेल तर? ठेवा, पण डोळे उघडे ठेवून. तेव्हाही मी ऑरगॅनिकच घेईन, फक्त एक पायरी वरची: थोडी जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि चांगल्या प्रतीचं लायनिंग, इंजिनच्या वाढलेल्या टॉर्कच्या दीडपट धरेल असं. बटन मी फक्त अशा गाडीला सुचवतो जिचा टॉर्क खरोखर फार वाढवलाय, जी रोज मोंढ्यात आणि बाजारात थांबत-थांबत चालत नाही, आणि जिचा मालक गिअरबॉक्सचा खर्च धरून चालतो. तुमच्यासारखं रोज भरायचं, थांबायचं, गर्दीत सरकायचं काम असेल तर रिमॅपचा फायदा घाटातच थोडा दिसतो आणि तोटा सगळीकडे. गाडीत टनाच्या वर टन भरायला ताकद पाहिजे असेल तर तो हिशोबही बघा: २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड लिहिलाय.

गिअरबॉक्स उतरला की स्वतः गॅरेजमध्ये हजर राहा. मजुरी उतरवण्या-चढवण्याचीच असते, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग एकत्रच बदला. सेट एकाच कंपनीचा, जोडीचा घ्या. प्लेट एकाची आणि प्रेशर प्लेट दुसऱ्याची असं जमवू नका. वाहन कंपन्यांना क्लच पुरवणारे लुक, वालेओ, एक्सेडी, सेटको असे उत्पादक आहेत. तुमच्या चेसिस नंबरप्रमाणे पार्ट नंबर काढा आणि बिलासह घ्या, कारण डुप्लिकेट माल हुबेहूब खोक्यात मिळतो.

सगळ्यात जास्त वेळ फ्लायव्हीलवर घालवा. बटन प्लेटने त्यावर रिंगणासारखे चर पाडलेले असणार. निळे-जांभळे डाग दिसले तर तिथला धातू तापून कडक झालाय. नखाला लागणाऱ्या बारीक रेघा किंवा तडे दिसले तर फ्लायव्हील बदला, घासून चालवू नका. नुसते चर आणि डाग असतील तर चांगल्या मशीनवर फेस (पृष्ठभाग सपाट) करून घ्या, पण किती काढलं ते मोजून. फ्लायव्हीलला पायरी असेल, म्हणजे प्लेट बसते ती पातळी आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात ती पातळी वेगळी असेल, तर दोन्हीकडून सारखंच काढायला सांगा. एकीकडूनच काढलं तर दाब बदलतो आणि नवा क्लच पहिल्याच दिवशी नीट धरत नाही किंवा सुटत नाही. आपल्या लेथवाल्यांना हे समजावून सांगावं लागतं, बरं का. फ्लायव्हील दोन भागांचं, आत स्प्रिंगा असलेलं असेल तर ते साधारणपणे फेस करायचं नसतं. त्याची ढिलाई कंपनीच्या मापाने तपासायची.

बांधताना काही गोष्टी मिस्त्रीच्या हातून निसटतात. जुनी धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या आणि बिननावाच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्याने पुसा. नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो ब्रेक क्लीनरने धुवा. प्लेट कुठल्या बाजूने बसते हे तिच्यावर लिहिलेलं असतं, उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दातांना ग्रीसचा अगदी पुसट हात द्या. जास्त झालं की ते लायनिंगवर उडतं. प्लेट मध्यावर धरायला जुना इनपुट शाफ्ट किंवा त्याच मापाचं टूल वापरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे करून, शेवटी टॉर्क रेंचने कसायचे. एका बाजूने पूर्ण कसत गेलं तर पत्रा वाकतो. आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, खाली जॅक धरा; प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग नवा क्लच थरथरतो. रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचं रबरी झाकण फाटलं असेल तर नवं लावा. ओढ्यातून गाडी गेली की तिथूनच गाळ आत शिरतो.

काम झाल्यावर लाइनमधलं जुनं तेल पूर्ण बदलून हवा काढा आणि फ्री प्ले ठेवा. पहिले पाचशे किलोमीटर अर्धा माल भरा, घाटातल्या फेऱ्या टाळता आल्या तर टाळा. पहिल्याच दिवशी दोन टन सिमेंट भरून मांजरसुंबा चढवला की लायनिंग फ्लायव्हीलवर बसायच्या आधीच तापून गुळगुळीत होतं. हजारएक किलोमीटरवर फ्री प्ले पुन्हा बघून घ्या, कारण नवं लायनिंग बसलं की तो थोडा बदलतो. शक्य असेल तर हे सगळं सोयाबीनची सुगी लागायच्या आत उरकून घ्या, म्हणजे गाडी बसवून घ्यायला हलक्या भाराचे दिवस मिळतील. गिअरबॉक्स उतरल्यावर फ्लायव्हील आणि जुन्या प्लेटच्या दोन्ही बाजू उजेडात नीट दिसतील असे फोटो काढून ठेवा आणि सील कुठलं गळत होतं तेही कळवा. ते बघून फ्लायव्हील फेस करायचं की बदलायचं हे मी नक्की सांगू शकेन.